झालर सावरत हॅनोव्हर

डार्मश्टाटच्या स्टेशनवर सकाळी उभी होते तेव्हा माझ्या अंगावर राखाडी सूट होता, पिशवीत झालरीचा झगमगता फ्रॉक होता आणि डोक्यात दोनच विषय होते. आधी नोकरी, मग अनिकेत. क्रम मीच ठरवला होता. इथलं माझं शिक्षण संपलं होतं आणि नोकरी शोधण्यासाठी मिळालेला परवानाही संपत आला होता. हॅनोव्हरची ही मुलाखत हातची गेली तर बाडबिस्तरा गुंडाळून सांगली. मग अनिकेतला मनातलं सांगून उपयोग काय?

अनिकेत पुण्याचा, हॅनोव्हरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि तेव्हापासून आम्ही फोनवर जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो, एक सोडून. त्याला जुन्या नाचांचं वेड. "मुलाखत झाली की दुपारी टान्सटेला (चहा-केकबरोबरच्या नाचाला) ये. शंभर वर्षांपूर्वीचे कपडे कंपल्सरी," असं त्याने बजावलं होतं. आईने दिलेल्या जुन्या मोतिया जॉर्जेटचा मी फ्रॉक शिवला आणि त्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पडद्याच्या दुकानातली लांब-आखूड दोऱ्यांची झालर लावली.

फ्रँकफुर्टला गाडी बदलली. कासेलच्या पुढे बोगदे लागले. एका बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि समोर राप्सची (मोहरीच्या जातीच्या पिकाची) पिवळीधमक शेतं, डोळे दिपावेत इतकी. मी एका हातात कॉफी घेऊन दुसऱ्या हाताने फोटो काढायला उठले. गाडीने वळण घेतलं आणि सगळी कॉफी माझ्या सूटवर!

पिशवीत दुसरे कपडे कोणते होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडीच्या संडासात, कोपरं भिंतींवर आपटत, मी तो फ्रॉक चढवला आणि वर थंडीच्या लांब कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. कोट काढायचाच नाही, असा बेत केला. या देशात पाहुण्याचा कोट यजमान आधी काढून घेतात, हे नेमकं विसरले.

कंपनी बिस्किटांचे पुडे बांधणारी यंत्रं बनवते. यंत्रं थरथरतात आणि बिस्किटं मोडतात. ती थरथर कमी करणारी इंजिनिअर त्यांना हवी होती. मुलाखतीला तिघं होते. त्यांच्या प्रमुख फ्राऊ (श्रीमती) होल्स्टे, उंच, पांढरे आखूड केस. त्यांनी कोटासाठी हात पुढे केला.

"नको, थंडी वाजतेय," मी म्हणाले.

बाईंनी तत्परतेने हीटर वाढवला! थोड्याच वेळात माझ्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. शेवटी देवाचं नाव घेऊन कोट काढला. तिघांच्याही नजरा झालरीवर खिळल्या.

"आज काही विशेष?" फ्राऊ होल्स्टेंनी विचारलं.

"सूटवर कॉफी सांडली. आणि दुपारी नाच आहे."

त्यांनी मान डोलावून सरळ पहिला प्रश्न टाकला, यंत्राच्या हाताची थरथर कशी थांबवाल? पाठ केलेलं उत्तर कुठल्या कुठे पळालं. मान खाली घातली तर भीतीने झालर थरथरत होती. मी उठलेच. "हे बघा," म्हणत एक गिरकी घेतली. आखूड दोरे लगेच थांबले, लांब दोरे झुलत राहिले. मग मी गळ्यातला स्कार्फ कमरेभोवती गुंडाळून पुन्हा गिरकी घेतली. या वेळी लांब दोरेही चटकन शांत झाले. "हात लांब असेल तर त्याला मधेच आधार द्या. नेमका कुठे द्यायचा, ते मोजून काढायचं. ते काम माझं."

तिघांनी बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केलं. कॉलेजात इथे टाळ्या वाजवत नाहीत, असं टेबल वाजवतात. मी हवेतच होते. पण बाई कोऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "कळवू." हे कळवू सांगलीतही ऐकलेलं आहे.

अनिकेत नाचाच्या हॉलच्या दाराशीच उभा होता, पेन्सिलीने मिशी रेखून. आधी त्याने मला श्पार्गेल (शतावरीचा पांढरा कोंब) खाऊ घातला. इथली माणसं या दिवसांत त्यासाठी जीव टाकतात. मला तो फोडणी विसरलेल्या शेवग्यासारखा लागला. आत सगळे सत्तरीच्या पुढचे, पण काय थाट! पिसं, मोत्यांच्या माळा, चकाकते बूट. भिंतीवर जुने फोटो होते, आखूड केसांच्या टायपिस्ट मुलींचे.

"या दिवसभर काम शोधायच्या आणि संध्याकाळी इथे नाचायच्या," अनिकेत म्हणाला.

"आणि प्रेम?"

"तेही शोधत असतील," म्हणून तो मिशी सारखी करायला लागला. गाढव!

तेवढ्यात वादकांनी पुकारा केला, "दामेनवाल!" म्हणजे आता जोडीदार बायकांनी निवडायचा. सांगलीत मला बघायला आलेल्या मंडळींनी पोहे खाऊन "कळवू" म्हटलं होतं. इथे निवड माझी होती. मी नोकरीचा विचार करत घुटमळले, तर डोक्यात मोरपीस खोचलेल्या एक आजी थेट अनिकेतच्या दिशेने निघालेल्या! मी धावले. खुर्चीला अडखळले, झालर अडकली, फाटली, तरी पोचले. आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं, हसल्या आणि शेजारच्या आजोबांना ओढून घेऊन गेल्या.

नाचता नाचता मी एका दमात बोलून टाकलं. "मला तू आवडतोस. नोकरी नाही लागली तर मला परत जावं लागेल. तरी सांगतेय."

त्याची पावलं चुकली. "आल्झो, म्हणजे... मला वाटलं, तुझी नोकरीची धावपळ चाललीय, आत्ता विचारलं तर तुझ्यावर दडपण येईल."

"म्हणजे तुलाही?"

"गेनाऊ! अगदी तेच! कधीपासून! आणि परत गेलीस तर गेलीस गं. मला सांगलीचा रस्ता माहीत आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी हसत होते की पुढची दोन गाणी आम्ही चुकीच्या तालावर नाचलो.

परतीच्या गाडीत जागा मिळाली ती नेमकी शांत डब्यात. मोबाइल वाजला. समोरच्या आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. मी कोटात तोंड खुपसून फोन घेतला.

"होल्स्टे. घरी पोचेपर्यंत तुम्हाला ताटकळत कशाला ठेवायचं? नोकरी तुमची. आणि हो, ऑफिसात हीटर माझ्या हातात असतो."

किंचाळायचं होतं, पण डबा शांत! मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडले, हसले, पाय आपटले. आजोबांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर हलकेच टकटक केलं.

डार्मश्टाटला उतरले. अंगावर फाटकी झालर, पिशवीत कॉफीचा सूट. सकाळी याच फलाटावर मी प्रेमाला नोकरीच्या मागे उभं केलं होतं. तिकडे आई माझ्या फोनसाठी जागी होती.

"आई, दोन बातम्या आहेत."

"आधी नोकरीची सांग."

"नाही," मी म्हटलं, "आधी दुसरी ऐक."