डाव्या बाजूची शीळ

माल्सुनला समुद्राखालोखाल कुणी जवळचं असेल तर ती बोक्रे. नवरा मधे येऊन गेला, मुलं पुसानला जाऊन स्थिरावली, सणावाराला फोन करतात. बोक्रे मात्र लहानपणापासून तिच्या डाव्या हाताला आहे. दोघी चेजू बेटावरच्या एकाच गावातल्या, एकाच खडकावरून पहिली बुडी मारलेल्या. पुढे बोटीने खोल पाण्यात जाऊन शंख-शिंपले काढायला लागल्या तेव्हाही शेजारी शेजारीच. माल्सुन उजवीकडे, बोक्रे डावीकडे. असं का, ते दोघींनाही आठवत नाही.

खालून वर आलेली बाई कोंडलेला श्वास दातांतून सोडते, त्याची शीळ होते. प्रत्येकीची वेगळी. बोक्रेची बारीक सुरू व्हायची आणि शेवटी फाटायची.

"आली म्हातारी किटली," माल्सुन म्हणायची.

"आणि तुझी? घोडीला धाप लागल्यासारखी!" बोक्रे म्हणायची.

या शिळेवरच कोण कुठे आहे ते न बघता कळायचं. डावीकडची शीळ डाव्या कानात किंचित आधी पोचते आणि जरा मोठीही लागते, कारण उजव्या कानाच्या वाटेत आपलंच डोकं आडवं येतं. तेवढ्याशा फरकावर माणूस बोट दाखवतो, ती तिकडे. पाण्याखाली ही सोय नाही. तिथे आवाज इतका पळतो की दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो, आणि बोटीचं इंजिन आपल्या कवटीतच घरघरतंय असं वाटतं. म्हणून वर येऊन बोक्रेची शीळ डावीकडून ऐकली की माल्सुनला हायसं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात सर्दी असताना माल्सुनने हट्टाने बुडी मारली आणि तिचा डावा कान गेला. आधी ठणकला, मग वाहिला, मग गप्पच झाला. शहरातल्या डॉक्टरने तिला डोळे मिटायला लावून डाव्या बाजूला किल्ल्या वाजवल्या. माल्सुनने ठामपणे उजवीकडे बोट दाखवलं.

"आजी, एकाच कानाने फरक कशाशी ताडून बघणार?" डॉक्टर म्हणाला. "आता मान वळवून शोधायचं. जिकडे मोठा लागेल, तिकडे आवाज."

"शीळ काय माझी मान वळेपर्यंत थांबणार आहे?" माल्सुन त्याच्यावरच डाफरली.

गावात तिने अवाक्षर काढलं नाही. गटाची म्होरकी मीजा तिला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात धाडणार, हे उघड होतं. ते पाणी म्हाताऱ्यांसाठी राखलेलं. लाज तिने सोसली असती. पण बोक्रेची छाती अजून दणकट होती, ती बोटीवरच राहणार. बोक्रे नसलेल्या पाण्यात उतरायचं, एवढं एकच माल्सुनला सोसणार नव्हतं.

आणि गंमत अशी, की बोक्रेची शीळ उजवीकडून यायची आणि वळून बघावं तर बोक्रे खरंच उजवीकडे असायची. डॉक्टरला काय डोंबल कळतंय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

मग एका सकाळी बाया पाण्यात असतानाच धुकं उतरलं. माल्सुन वर आली. शीळ ऐकू आली, आणि पाठोपाठ हाक.

"माल्सुन! पाय! पाय आखडला गं!"

माल्सुन उजवीकडे जीव तोडून पोहत सुटली. प्रत्येक हाताला हाक बारीक होत गेली. बोक्रे बुडतेय, असं समजून ती आणखी जोरात पोहली. शेवटी धुक्यात नुसतं पाणी उरलं. बोक्रेला मीजाने ओढून बोटीवर घेतलं.

किनाऱ्यावर सगळ्या शेकोटीभोवती बसल्या. बोक्रे कुडकुडत पाय चोळत होती.

"माल्सुन सामचुन," मीजा म्हणाली. तिथे गावातल्या कुणाही मोठ्याला असंच हाकारतात. "ती हाका मारत होती आणि तुम्ही उलट्या दिशेला?"

"मीच म्हटलं तिला, बोटीकडे जा," बोक्रे मधेच बोलली. "तू काय पोलीस लागून गेलीस?"

बाया हसल्या. माल्सुनने फक्त मूग गिळून बसायचं होतं, उद्या दोघी पुन्हा बोटीवर असत्या. पण तो थरथरणारा पाय तिच्यासमोर होता.

"माझा डावा कान गेलाय," ती म्हणाली.

"झालं! बसवलं नाही ना गप्प?" बोक्रे कडाडली. मग मीजाकडे वळून म्हणाली, "हिवाळ्यापासूनचं आहे हे. डाव्या बाजूने हिला शिवी हासडली आणि ही उलटून बोलली नाही, तेव्हाच कळलं मला. तेव्हापासून मी हिच्या उजवीकडे वर येते. आज धुक्यात माझीच बाजू चुकली."

"मला सांगायचंस तरी," माल्सुन म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू उथळ पाण्यात गेली असतीस. मग मी कुणाशेजारी बुडी मारायची?"

मीजाने शेकोटीत लाकूड सरकवलं.

आता माल्सुन चालत उथळ पाण्यात जाते. बोट डावीकडे दूर, दीपगृहाच्या पलीकडे असते. तिला बोक्रेची आठवण येते, रोज येते, आणि ती कुणाला सांगत नाही. समुद्रावरून वारा सुटला की कधी कधी ती फाटकी शीळ इथवर येते. बारीक असते, पण उजव्या कानाशीच लागते, हात लांबवला तर बोक्रेच्या खांद्याला लागेल अशी. मान वळवली तर शीळ कुठून येतेय ते कळेल, हे माल्सुनला ठाऊक आहे. ती मान वळवत नाही. शीळ संपेपर्यंत तशीच थांबते आणि मग बुडी मारते.