घोटभर साधं पाणी

माझे सासरे देवदत्त सबनीस यांना दारूचा, विडीचा, पत्त्यांचा कसलाच नाद नव्हता. त्यांना पाण्याचा नाद होता. लग्न होऊन मी जपानात इचिकावाला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्यापुढे कागदाचे पाच पेले मांडले आणि म्हणाले, स्वप्ना, पी आणि सांग. सुनेची परीक्षा घ्यायची ही काय तऱ्हा, असं मला वाटलं. पाचही पेल्यांत नुसतं पाणी होतं. पाण्यासारखं लागतंय, असं मी सांगितलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की इतकी वर्षं संसार करून त्यांनाही याहून जास्त काही सांगता आलेलं नाही.

बाबा तरुणपणी पुण्याहून इथे आले ते व्हेंडिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत. स्टेशनवर, गल्लीच्या तोंडाशी बाटल्यांची जी मशीन उभी असतात, ती दुरुस्त करत त्यांनी निम्मा जपान पालथा घातला. दुरुस्ती झाली की मशीन नीट चालतंय का ते बघायला एक बाटली काढायची असे, आणि बाबा काढायचे ती पाण्याची. बरोबरचे लोक कॉफी काढायचे. गावोगावचं पाणी पिऊन पिऊन त्यांची जीभ तयार झाली, आणि मग घरात कोणी पाहुणा आला की त्याची सुटका नसे.

प्रत्येक पाण्याला ते दोन गुण द्यायचे, एक चवीचा आणि एक पैशाचा. युरोपातून येणाऱ्या महागड्या पाण्याला चवीला सहा आणि पैशाला एक. हे पाणी प्यायचं नसतं, चावायचं असतं, असं ते म्हणायचे. एकदा त्यांनी हट्टानं त्या क्षारांनी जड पाण्यात तुरीची डाळ शिजवायला लावली. ती तासभर टणक राहिली, आणि सासूबाईंनी त्या दिवशी बाबांना जे गुण दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. क्युशूच्या डोंगरातलं पाणी त्यांचं लाडकं होतं. सुपरमार्केटच्या स्वतःच्या लेबलचं, सगळ्यांत स्वस्त पाणी पैशाला दहा. फ्रीजमधलं पाणी मात्र ते चाखायचेच नाहीत; थंड केल्यावर सगळी पाणी सारखीच, जशा लग्नात सगळ्या बायका सुंदर, असं त्यांचं मत. मी म्हणे, आणि पुरुष? ते म्हणत, पुरुष कुठल्याच तापमानाला नाही.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा मी गुपचूप पेल्यांची अदलाबदल केली. त्यांनी पाचही पाणी बरोबर ओळखली, आणि वर मलाच विचारलं की आता पटलं का.

गेल्या वर्षी वसंतात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, ते एक वेळ चाललं असतं. पण गिळण्याची ताकद गेली. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. दाट पदार्थ घशातून सावकाश खाली जात होता, पाणी मात्र वाट चुकून श्वासनलिकेत उतरत होतं. साधं पाणी बंद, असं त्यांनी सांगितलं. यापुढे पाणी द्यायचं ते तोरोमीची पावडर कालवून, दाट करून. ही पावडर इथे औषधाच्या दुकानात सहज मिळते. ती घातली की पाण्याचा साबुदाण्याच्या पेजेसारखा लगदा होतो आणि तो चमच्यानं भरवायचा. बाबांनी पहिला चमचा तोंडात घोळवला, वाकड्या ओठांनी म्हणाले, चवीला शून्य, पैशालाही शून्य. आम्ही हसलो. तेवढंच शेवटचं हसलो.

सासूबाईंनी काय नाही केलं. भानुमती सबनीस ही बाई एरवी पाण्याच्या नादाला नाक मुरडणारी, पण तिनं क्युशूचं पाणी आणून त्यात पावडर कालवली, मग दुसरं आणलं, तिसरं आणलं. पावडर घातली की सगळं एकच. मग तिनं घरातल्या बाटल्या उचलून आमच्याकडे, खालच्या मजल्यावर, ठेवायला दिल्या. स्वतः पाणी प्यायची ती स्वयंपाकघरात, पाठ फिरवून. माझी लेक ओजस्वी शाळेतून आली की पाण्याची बाटली चपलांपाशी ठेवून मगच आजोबांच्या खोलीत जायची, कारण आजीनं तसं बजावलं होतं. आठ वर्षांची पोर. का, असं तिनं एकदा मला जपानीत विचारलं, आणि मी तिची बाटली उचलून चपलांच्या मागे सरकवली.

एके दिवशी आई, म्हणजे माझ्या सासूबाईच, त्यांचं अंग पुसत होती. ओला टॉवेल तोंडावरून फिरला तसा बाबांनी तो दातांत पकडला आणि चोखायला लागले. आईनं त्यांच्या तोंडातून तो ओढून काढला. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मला तेव्हा तिचा संताप आला आणि लगेच कीवही आली, कारण ती तो टॉवेल कोरडा होईपर्यंत पिळत राहिली.

पावसाळा संपता संपता बाबांनी तो लगदा घेणं सोडलं. चमचा पुढे आला की ओठ मिटायचे, आणि चमचा गेला की बाबा साधं पाणी मागायचे. दोनदा हॉस्पिटलात नेऊन सलाइन लावलं. पोटात नळी घालून अन्नपाणी देता येईल, असं तिथे सांगितलं. माझा नवरा मयूरेश लगेच तयार झाला. बाबांनी मान हलवली, नाही. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साधं पाणी दिलं तर ते फुप्फुसात जाईल, न्यूमोनिया होईल, या शरीराला तो झेपणार नाही. द्या असं मी म्हणणार नाही, पण ते काय मागतायत हे तुम्ही ऐकताय, एवढंच ते बोलले. मयूरेशनं मला आणि आईला बजावलं, कोणीही थेंब द्यायचा नाही. कोतो भागातल्या ऑफिसातून तो दुपारी फोन करून पुन्हा तेच सांगायचा. त्याला बाप हवा होता. यात त्याचं काय चुकलं, मी अजूनही सांगू शकत नाही.

त्या दुपारी मी चादरी बदलायला वर गेले होते. आई बाबांच्या उशाशी बसली होती. मी दारात थांबले.

"अहो," ती म्हणाली, "साधं पाणी दिलं तर तुम्ही जाल. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी हवं?"

"हवं."

आईनं त्यांची उशी उंच केली. मग विचारलं, कुठलं देऊ, स्वप्ना खालून आणेल. मी निघालेच होते. आयुष्यभर पाण्याला गुण देत आलेला हा माणूस, त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "कुठलंही."

आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली वाटी धरली. चमच्यानं दिलं. बाबांनी ते तोंडात धरलं, खूप वेळ धरलं, आणि गिळलं. खोकल्याची उबळ आली, चेहरा काळानिळा झाला. आईनं पाठ चोळली, तोंड पुसलं. बाबांनी डाव्या हातानं वाटीकडे बोट केलं. तिनं पुन्हा दिलं. वाटी संपेपर्यंत दिलं. मी चादरी छातीशी धरून उभी होते आणि रडत होते, पण तिला अडवावंसं मला एकदाही वाटलं नाही.

रात्रीतून ताप चढला. आठवड्याच्या आत बाबा गेले. मयूरेशनं विचारलं, कोणी दिलं? आई म्हणाली, मी. चुकून नाही, मागितलं म्हणून दिलं. तो तिच्याशी त्यानंतर एक शब्द बोलला नाही. अंत्यविधीच्या हॉलपर्यंत टॅक्सीत दोघं शेजारी बसले होते, मधे माझी पर्स होती.

हॉलमध्ये काळ्या सुटातला एक वयस्क माणूस ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये पाण्याची वाटी होती आणि टोकाला कापूस बांधलेली काडी. इथली रीत त्यानं हळू आवाजात समजावली. घरच्यांनी एकेक करून गेलेल्या माणसाचे ओठ ओले करायचे, म्हणजे तो तहानलेला जात नाही. आधी पत्नीनं. त्यानं काडी आईपुढे धरली.

आईनं वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ जपानीत सांगितलं, माझं देऊन झालंय. त्या माणसानं मान लववली आणि काडी मयूरेशला दिली.

मयूरेशनं कापूस बुडवला, ओठांवरून फिरवला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून कॉलरमध्ये गेलं. त्यानं परत बुडवला. परत फिरवला. काळ्या सुटातला माणूस थांबून राहिला होता, आमच्यामागे ऑफिसातले लोक रांगेत उभे होते, आणि मयूरेश कापूस बुडवत होता, पुसत होता, बुडवत होता. वाटी निम्मी झाली. उशी भिजली.

शेवटी आई पुढे झाली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"पुरे, बाळा," ती म्हणाली. "आता त्यांना तहान नाही."