खंडुळं

माझा खंडूमामा डूख धरणारा माणूस. मला तो त्यासाठीच आवडायचा.

जुन्नरच्या एका छोट्या खाजगी संग्रहालयात तो शिपाई होता. तिथं गावोगावची जुनी अवजारं, भांडी यायची आणि साहेबांना त्यातल्या निम्म्यांची नावं ठाऊक नसायची. मामा डिंगोऱ्याला घरी येऊन आजीला, द्रौपदाबाईला, विचारायचा आणि कागदावर लिहून न्यायचा. अशी तीनशे चाळीस नावं जमली. शहाण्णव साली सूची छापली, तिच्यावर नाव एकट्या साहेबांचं. मामानं विचारलं तर म्हणाले, "तू काय केलंस रे? ऐकलेलं सांगितलंस."

"ऐकल्यालं सांगतो व्हय? मग आता न ऐकल्यालं सांगतो," मामा घरी येऊन म्हणाला.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ताकाची रवी अडकवायची एक लाकडी कडी आली. तिचं नाव कुणालाच आठवेना. मामानं बिनदिक्कत सांगितलं, "खंडुळं." साहेबांनी छापलं. मामा सात वर्षं गप्प बसला.

दोन हजार पाच साली पुण्याहून वृषाली मॅडम आल्या. बऱ्याच संग्रहालयांच्या सूच्या कॉम्प्युटरवर एकत्र करून, एकाच वस्तूची गावोगावची नावं जोडायची, म्हणजे कुणालाही कुठूनही सापडतील, असं त्यांचं काम. टायपिंगला मीच होते. मॅडम 'खंडुळं'पाशी थांबल्या. हा शब्द आणखी कुठल्याच सूचीत नव्हता.

"डिंगोऱ्याच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी स्वतः ऐकलाय," साहेब म्हणाले.

मामानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "मॅडम, ते माजं नाव हाये. आई मला लाडानं खंडुळं म्हनती."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. बरं झालं, चांगली जिरली!

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे बाकीच्या नावांचाही भरवसा नाही."

"बाकीची खरी हायेत, शपथ!"

"हे नावही तुम्हीच सांगितलं होतं ना?"

त्यांनी फोटो आणि नंबर ठेवले, साहेबांचं नाव काढलं, आणि शब्दांचा अख्खा रकाना पुसायला लावला. तो मीच पुसला.

घरी मामानं सगळी हकिगत रंगवून सांगितली. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्याचं नाव गेलं, ब्येस झालं. पर मी सांगितल्यालं शबूद कुटं गेलं रं?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. पुसताना मला साहेबांचा पडलेला चेहराच दिसत होता. आजीची आठवण मलाही झाली नव्हती.