गॅरेजची कडी

आत्याच्या वाट्याला कधी खोली आलीच नाही, पॅसेज आला. लग्न झालं नाही म्हणून भावाच्या घरी राहिली. दिवसभर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत परक्यांच्या चादरींच्या घड्या घालायच्या आणि रात्री येण्याजाण्याच्या वाटेत स्वतःची अंथरायची. पाणी प्यायला उठलेला जो तो तिचे पाय ओलांडून जायचा.

भाऊ-वहिनी गेल्यावर भाच्याने मागच्या अंगणातलं गॅरेज तिच्यासाठी नीट करायला काढलं. शटर काढून भिंत घातली, दार बसवलं, कोपऱ्यात न्हाणीघर केलं. गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला दिलेला उतार मात्र तसाच राहिला. पलंगाच्या दोन पायांखाली विटा ठेवाव्या लागल्या.

"आत्याबाई, तुमचा तर बंगलाच झाला!" भाच्याची बायको म्हणाली.

"हो ना. आता पेट्रोलचा वास गेला की झालं."

वास गेला नाही, आणि सामानही गेलं नाही. शिडी, पंप, जुने टायर तिथेच राहिले. "तात्पुरतं हं!" भाच्याच्या बायकोने सांगितलं. मग ज्याला जे लागेल, तो ते न्यायला सरळ आत. एकदा आत्या साडी बदलत असताना भाचा पंप घ्यायला शिरला.

ती दचकून भिंतीकडे वळली. "अगं, मीच आहे!" तो म्हणाला आणि पंप घेऊन गेला.

त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "बाकी काही नको रे बाबा. दाराला दणकट कडी तेवढी बसव."

कुठल्या बाजूने, ते ती बोलली नाही. राहत्या खोलीला कडी आतूनच असते, त्यात सांगायचं काय?

भाच्याने सुताराला फोन केला. "गॅरेजच्या दाराला कडी बसवायची आहे."

सुतार आला तेव्हा आत्या पलंगावर बसली होती. "आजी, दार लोटून घेतो हं, भुसा उडेल." बाहेर ड्रिल घरघरू लागलं. आज निवांत केस विंचरू, दुपारी आडवं होऊ, असे तिचे बेत चालले होते. ड्रिल थांबलं. खटकन आवाज झाला.

"बघा साहेब, कशी फिट बसलीय!"

आत्याने दाराकडे पाहिलं. आतली बाजू कोरी होती. तिने दार ढकललं, ते हललं नाही.

"अरे, मी आत आहे!"

भाच्याने हसत दार उघडलं. "ट्रायल घेत होतो गं."

"ही आतून हवी होती मला."

सुताराने डोकं खाजवलं. "गॅरेज म्हणालात ना साहेब... काढून आत लावू का? दाराला भोकं दिसतील, एवढंच."

"छे, नवीन दार आहे! आणि आत्या, कडी लावून आत पडलीस-झडलीस तर आम्ही काय करायचं? कशाला घाबरतेस? आम्ही आहोत ना बाहेर."

"तेच तर," आत्या म्हणाली.

तिला पटलं असं समजून भाचा सुताराला चहाला घेऊन गेला. जाताना सवयीने त्याने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी सरकवली.