मुकी काडी

नंदुरबारच्या बाजारातला तो कल्हईवाला कथलाची नवी काडी आधी कानाशी धरून वाकवायचा. चोख कथील वाकताना करकरतं. "बोलनी," म्हणायचा आणि मगच भात्याला हात घालायचा. शिसं मिसळलेली काडी मुकी राहते. दुसऱ्या कोणी केलेली शिशाची कल्हई तो जाळून, खरवडून काढायचा. तेव्हा भांडी घेऊन आलेल्या बायकांना वारा येतो त्या बाजूला बसवायचा आणि स्वतः धुरात बसायचा. डॉक्टर म्हणाले होते, शिसं हाडांत मुरलंय, मूत्रपिंडंही निकामी होताहेत. पाय सुजलेले, मनगटं लुळी.

दुसऱ्या महायुद्धात चोख कथील मिळेनासं झालं. एके दिवशी त्याला नवी आलेली काडी वाकवताच येईना, म्हणून त्याने माझ्या आईला ती त्याच्या कानाशी वाकवायला सांगितली. डोळे मिटून ऐकत राहिला. काडी बोलली नाही. पेटलेल्या भट्टीभोवती गल्लीभरची भांडी मांडलेली होती.

"माय, भांडा लई जा. मन्हा हाडंमा जे शे, ते तुन्हा पोरेसना पोटमा नको."

शेजारची पाण्याची बादली त्याला उचलेना. त्याने ती कोपराने भट्टीवर कलंडवली. आई ती मुकी काडी हातात धरून तशीच उभी होती.