सागाच्या शेंड्यावरचं ऊन

माझी शेवटची पोस्टिंग सागाच्या जंगलात होती. मी फौजेत हवालदार, परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा. जोडीदार नाईक दत्ता, गेवराईकडच्या उमापूरचा. बीडच्या माणसाला ऊन एकच ठाऊक, डोक्यावरचं. तिथं तसं नव्हतं. फाल्गुनात पानं झडली की जमीन उघडी पडायची, हेल्मेट तापायचं. भाद्रपदात पानांच्या काळोखात भर दुपारी पायवाट दिसायची नाही.

अशाच भाद्रपदात गस्तीवर असताना आमच्यावर गोळीबार झाला. दत्ताच्या मांडीत गोळी घुसली. रक्त थांबेना. कॅप्टन साहेबांनी गुडघा देऊन जखम दाबून धरली आणि वायरलेस सेटवरून हेलिकॉप्टर मागवलं. ते आलं, वर घिरट्या घालू लागलं. सेटवर पायलटचा आवाज आला.

"नीचे सिर्फ पत्ते हैं. पोझिशन दिखाओ. ओव्हर."

खुणेसाठी धुराचा डबा पेटवला. धूर पानांखालीच कोंडला. मग मी दाढीचा आरसा काढून जमिनीवरच्या एका कवडशात धरला. वारा आला, पान हललं, कवडसा गेला. दुसरा गाठला, तोही गेला. येड्यासारखा धावत होतो.

"आपल्याकडं लोक सावली हुडकतेत," दत्ता पडल्यापडल्या म्हणाला, "अन् तू ऊन हुडकायलास बे."

"गप पड."

"हवालदार, ऊपर चढो!" साहेब ओरडले.

आरसा खिशात घालून मी साग चढलो. खाली काळोख. मधल्या फांद्यांत हिरवट उजेड, पण आरशाच्या कामाचा नाही. शेंड्यातून डोकं बाहेर काढलं आणि डोळेच दिपले. अरे, एवढं ऊन! सगळं वरच्या पानांनीच खाऊन टाकलं होतं. आरसा फिरवला. हेलिकॉप्टर वळलं, थेट माझ्याकडे आलं, वरून दोर खाली आला.

मी घसरत खाली आलो. साहेबांनी गुडघा काढून घेतला होता. ते दत्ताचे डोळे मिटत होते. दत्ताला आम्ही त्याच दोराला बांधून वर पाठवलं. पानांतून जाताना त्याच्या तोंडावर ऊन पडलं. काय उपयोग? त्या झाडांचा मला आजही संताप येतो.

रजा मिळाल्यावर उमापूरला गेलो. त्याच्या फोटोला हार घातला. त्याची आई उभा जन्म ऊसतोडीला जाणारी. तिनं एवढंच विचारलं,

"उनात तळमळला का रं माझा लेक?"

"न्हाई मावशे. सावली व्हती. लई दाट."

"बरं झालं माय," ती म्हणाली. "सावलीत तरी गेला."