एक जुलैवाले

जगात जे काही महत्त्वाचं घडलं ते एक जुलैलाच घडलं, आणि वर्षाचे बाकीचे दिवस ती तारीख परत यावी म्हणून नुसते मध्ये घातलेले आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा मामा. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून त्याचं गाव. घरची धानाची शेती. ओसरीच्या भिंतीवर कॅलेंडर असायचं, पण जुलैचंच पान वर्षभर लटकत राहायचं. दिवाळी आली तरी जुलै, होळी आली तरी जुलै. मामीला एकादशी बघायची झाली की ती शेजारणीकडे जायची.

याला जबाबदार त्याच्या शाळेतले गुरुजी. मामाच्या पिढीत पोरगं कधी जन्मलं हे कोणी लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालायला आलेला बाप "मोहा पडून राहिला होता तेव्हाचा आहे" किंवा "पोळ्याच्या आगंमागं झाला" एवढंच सांगायचा. दाखल्यात मोहाची फुलं लिहिता येत नाहीत, म्हणून गुरुजींनी त्या वर्षीच्या साऱ्या पोरांना एक जुलै देऊन टाकली. अशा तारखेची माणसं गावोगाव आहेत. ती हसतात आणि सोडून देतात. मामानं सोडलं नाही. एका तारखेचे म्हणजे एका घरचे, असं त्यानं ठरवलं आणि वर्गातल्या त्या पोरांना म्हातारपणापर्यंत 'आपले एक जुलैवाले' म्हणत राहिला. वर्तमानपत्रातला दिनविशेष तो वर्षातून एकदाच वाचायचा. त्यात कुठल्या परदेशातली राजकन्या त्या दिवशी जन्मलेली निघाली, तर "आपल्यातलीच हाये" म्हणून गावभर सांगून यायचा. सरकार त्याच दिवशी कृषिदिन पाळतं, तो आपल्या वर्गासाठीच ठेवला आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

गावाचा इतिहासही त्यानं हळूहळू त्याच तारखेवर ओढून आणला. पहिली एसटी गावात आली आणि चिखलात फसली ती एक जुलैला. वीज आली ती एक जुलैला, आणि गेली तीही त्याच संध्याकाळी. "माझं लगन तं भर उन्हात झालं होतं!" मामी एकदा वैतागून म्हणाली, तर मामा शांतपणे म्हणाला, "लगन उन्हात झालं वो. पण तुझ्या बापानं हो म्हटलं ते एक जुलैलेच."

दर वर्षी त्या दिवशी तळ्याच्या पाळीवर वाढदिवस व्हायचा. रोवणीचे दिवस, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावता लावता माणसं बांधीतून तशीच यायची, गुडघ्यापर्यंत चिखल. मामा अर्जुनीहून मोटरसायकलवर केक आणायचा. गावात पोचेपर्यंत केकचा त्या खड्ड्यांच्या रस्त्यासारखाच रस्ता झालेला असायचा. विळ्यानं तो कापण्याआधी मामा गुरुजींच्या आवाजात हजेरी घ्यायचा. पुढे पुढे त्या हजेरीत खिंडारं पडायला लागली. मामा नाव घ्यायचा, थोडा थांबायचा, आणि मग स्वतःच उत्तर द्यायचा: "साप." पुढच्या नावाला: "वीज." त्याच्या पुढच्याला: "अस्वल. मोह्याखाली." पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. मग मी पाहिलं, की बाकीचे टोप्या काढून उभे होते आणि केकवर पाऊस पडत होता.

ही माणसं एकेक करून का जातात, हे काही मामाला कळेना. तो गोंदियाला एका ज्योतिषाकडे गेला. मीच घेऊन गेलो होतो. "तारीख एक, गाव एक, शाळा एक," मामा म्हणाला, "मंग एकाले साप काऊन चावला, अन् दुसरा सरपंच काऊन झाला?" ज्योतिषी म्हणाला, "भैया, जन्म का समय बताइए." मामानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "साडेदहा. शाळेची घंटी झाली तेव्हा."

शेवटी दोघेच उरले: मामा आणि आचारी. आचारी म्हणजे गावच्या लग्नांत स्वयंपाक करणारा त्याचा दोस्त, तोंडाचा अत्यंत फाटका. तारखेवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. "माझी माय सांगे, मी कापणीत झालो, वावरात, बांधीच्या धुऱ्यावर. गुरुजी का तिथं विळा घेऊन उभे होते?" असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि दर वर्षी केकचा मोठा तुकडा घ्यायचा. मामा तेवढ्यावरून त्याच्याशी आठवडाभर बोलायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आचाऱ्याची किडनी गेली. त्याला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं. मुलगा सुरतेला कामावर. तो यायचा होता, तोवर मामा आचाऱ्याच्या खाटेजवळ बसून राहिला. मी घरून डबा न्यायचो. जून संपत आला होता. आचाऱ्याचं तोंड सुजलं होतं, डोळे बारीक झाले होते, आणि मामा त्याला रोज एकच सांगायचा, "एक तारखेपरेंत थांब. केक इथंच आनतो. डॉक्टरले बी सांगून ठेवलं हाये."

एका दुपारी आचाऱ्यानं मामाचा हात धरला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मले तुझी एक तारीख नोको गा. मले घरी ने."

"चार दिवस थांबशील तं—"

"कायले थांबू? तुझ्यासाठी? सारा जनम थांबलो ना मी त्या पाळीवर, भर रोवणीत. आता घरी ने."

मामा उठून वऱ्हांड्यात गेला. खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "गाडी पाहा."

जीपमध्ये त्यानं आचाऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आचारी आपल्या घरात, आपल्या बाजेवर गेला, तारीख यायच्या आधीच. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला.

मृत्यूची नोंद करायला मुलाबरोबर मामा आणि मी ग्रामपंचायतीत गेलो. बाबूनं आधार कार्ड पाहून जन्मतारीख मोठ्यानं वाचली, "एक जुलै." मुलगा मान हलवणार तेवढ्यात मामा म्हणाला, "ते गुरुजीनं लिवली हाये, बाबू. तो कापणीतला. धुऱ्यावर झाला होता." बाबू हसला, कागदावर आहे तेच लिहावं लागतं म्हणाला. "लिवा तुमाले लिवाचं ते," मामा म्हणाला आणि बाहेर जाऊन चपला शोधत बसला. त्या त्याच्या पायातच होत्या.

या वर्षी एक जुलैला मी सकाळी घाबरत घाबरतच त्याला फोन केला. शुभेच्छा द्याव्यात की नाही ते कळत नव्हतं. मामा बांधीत होता. मागे रोवणीच्या बायांचं गाणं ऐकू येत होतं. पाणी बरं आहे म्हणाला. मग म्हणाला, "भासा, तुझा जनम कधीचा गा?"

इतक्या वर्षांत त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी तारीख सांगितली.

"होय होय, थंडीतला तू. तुझी माय इथंच आली होती बाळंतपणाले. मी बंडी जुतली अन् नवेगावच्या दवाखान्यात घेऊन निंगालो. चढावर बैल बसला बापा! उठेच ना. तुझी माय मले अशा शिव्या देऊन राहिली होती, अशा शिव्या... मी बंडीखाली जाऊन रडलो. तवा मी तुझ्याएवढा बी नव्हतो."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती शिव्या देत असे हे मला माहीत नव्हतं.

"मंग काय झालं, मामा?"

"मंग काय, बैल उठला," मामा म्हणाला. "ठेव आता. बाया पऱ्ह्यासाठी थांबल्या हायेत."